इंग्रजीचा पेपर आणि आपला मराठी कान

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी विभागात 'वाक्याच्या कोणत्या भागात चूक आहे' हा प्रश्न आला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. वाक्य मनातल्या मनात दोनदा वाचायचं आणि जिथे कानाला खटकेल तिथे खूण करायची. ज्याच्या कानावर लहानपणापासून इंग्रजी पडलंय त्याला हे जमून जातं. आपला कान मराठीत घडलेला. त्याला कित्येकदा बरोबर इंग्रजी खटकतं आणि चुकीचं इंग्रजी गोड लागतं. 'माय हेअर इज लाँग' हे कसंसंच वाटतं, कारण मराठीत केस लांब 'आहेत'. उलट 'द न्यूज आर गुड' बिनबोभाट निसटतं. बातम्या चांगल्या आहेत, मग चुकलं कुठे?

हे एकदा ध्यानात आलं की तयारीची दिशा बदलते. व्याकरणाच्या पुस्तकात नियमांचा डोंगर असतो आणि तो पहिल्या पानापासून चढायला घेतला की नामाचे प्रकार संपेपर्यंत महिना जातो. आपल्या चुका त्या डोंगरभर विखुरलेल्या नसतात. त्या मोजक्या जागी, पुन्हा पुन्हा, एकाच कारणाने होतात: मराठीची घडण आपण इंग्रजीवर चढवतो. त्या जागा आधी पक्क्या करायच्या. बाकीचं नंतर, वेळ उरला तर.

क्रियापद कुणाचं ऐकतं

'मुलाने चिठ्ठी लिहिली.' 'मुलाने निबंध लिहिला.' इथे क्रियापद मुलाकडे ढुंकूनही बघत नाही, ते शेजारच्या चिठ्ठीकडे आणि निबंधाकडे बघून रूप बदलतं. भूतकाळात हे आपण दिवसभर बोलतो, त्यामुळे क्रियापदाच्या अलीकडचं नाम पकडायची सवय हाडीमाशी असते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, कर्ता सात शब्द मागे असला तरी. प्रश्न काढणारा म्हणूनच कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये एक फसवं नाम आणून ठेवतो: 'द क्वालिटी ऑफ द प्रॉडक्ट्स आर पुअर'. प्रॉडक्ट्सच्या 'स'ला लागून 'आर' आलं की कान खूश. कर्ता मात्र 'क्वालिटी' आहे, म्हणून 'इज'.

उपाय यांत्रिक आहे आणि यांत्रिकच ठेवावा. क्रियापद शोधा, त्याच्याखाली रेघ मारा. मागे जात 'ऑफ', 'इन', 'ऑन' वगैरेंपासून सुरू होणारा तुकडा खोडा. 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज', 'टुगेदर विथ', 'इन ॲडिशन टू' यांचे तुकडेही खोडा. उरलं ते नाम म्हणजे कर्ता. 'द मॅनेजर, अलाँग विथ हिज असिस्टंट्स, हॅज लेफ्ट.' मॅनेजर एकटा, म्हणून 'हॅज'.

गंमत अशी की 'आयदर-ऑर', 'नीदर-नॉर' आणि 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' या जोड्यांत जवळच्या नामाचंच ऐकायचं असतं, म्हणजे आपली मराठी सवय तिथे कामी येते: 'नीदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट'. पण 'नीदर ऑफ', 'आयदर ऑफ', 'ईच ऑफ' आले की पुढे कितीही अनेकवचन असो, क्रियापद एकवचनी. 'अ नंबर ऑफ' अनेकवचनी, 'द नंबर ऑफ' एकवचनी. 'मेनी अ'नंतर नाम आणि क्रियापद दोन्ही एकवचनी. आणि एक जागा अशी, जिथे तयारीचे उमेदवारही फसतात: 'वन ऑफ द बॉईज इज ॲब्सेंट' बरोबर, पण 'ही इज वन ऑफ द बॉईज हू हॅव पास्ड' यात 'हॅव'च हवं. इथलं 'हू' हे 'वन'बद्दल बोलत नाही, पास झालेल्या सगळ्या मुलांबद्दल बोलतं.

वचनाची मराठी यादी वेगळी करून ठेवा. कात्री मराठीत एक, इंग्रजीत 'सिझर्स आर'. चष्मा एक, 'स्पेक्टॅकल्स आर'. 'पोलीस आला' आपण सहज म्हणतो, तिकडे 'द पोलीस हॅव कम'. 'सल्ले' आपल्याकडे चालतं म्हणून 'ॲडव्हाइसेस' लिहिलं जातं. तसंच कवितांमुळे 'पोएट्रीज', यंत्रांमुळे 'मशिनरीज', दृश्यांमुळे 'सीनरीज'. 'माहिती' आणि 'सामान' यांचं अनेकवचन आपणही सहसा करत नाही, त्यामुळे 'इन्फॉर्मेशन' आणि 'लगेज' मानाने कमी चुकतात. नियम एकच, या इंग्रजी नामांचं अनेकवचन होत नाही, पण चुका सारख्या पडत नाहीत, त्या मराठीप्रमाणे पडतात.

जोडीने चालणारे शब्द

जर-तर, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी, जो-तो, जोपर्यंत-तोपर्यंत. मराठी वाक्य जोडीने चालतं आणि त्यातला दुसरा शब्द गाळला की लंगडतं. इंग्रजीत अशा ठिकाणी एकच शब्द पुरतो, दुसरा घातला की चूक. 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड' यातला 'बट' म्हणजे आपला 'तरी'. 'ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम' यातला 'सो' म्हणजे आपलं 'म्हणून'. 'द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय कझिन' यातला 'ही' म्हणजे 'जो'ला जोडून आलेला 'तो'. तिन्हीत दुसरा शब्द काढून टाकला की वाक्य शुद्ध.

'अनलेस' आणि 'अनटिल' हे याच कुळातले. 'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबेन' यातलं 'नाहीस' आपण सरळ उचलून 'अनटिल यू डू नॉट कम' करतो. नकार त्या शब्दांच्या पोटातच असतो. तो पुन्हा घालायचा नाही.

काळाचंही तेच. 'तो येईल तेव्हा सांगेन' हे मराठीत बिनचूक आहे, दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अनलेस', 'अनटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' यांच्या बाजूला 'विल' येत नाही, मुख्य वाक्यात येतं: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल यू'. चूक शोधायच्या प्रश्नात 'इफ' किंवा 'व्हेन' दिसलं की पुढच्या चार-पाच शब्दांत 'विल' आहे का हे बघून घ्यावं, दोन सेकंदांचं काम. 'व्हेन' प्रश्नार्थक असेल तर मात्र 'विल' चालतं: 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम'.

उलट इंग्रजीच्या स्वतःच्या काही जोड्या आहेत आणि त्या मोडायच्या नाहीत: 'नो सूनर' आलं की 'दॅन', 'हार्डली' किंवा 'स्केर्सली' आलं की 'व्हेन', 'बोथ' आलं की 'अँड', 'लेस्ट' आलं की 'शुड'. 'तो पोहोचतो न पोहोचतो तोच पाऊस आला' हे वाक्य डोक्यात ठेवा. 'नो सूनर हॅड ही अराइव्हड दॅन इट बिगॅन टू रेन.' यात तपासायच्या जागा दोन: 'नो सूनर' सुरुवातीला असेल तर 'हॅड' कर्त्याच्या आधी आलाय का, आणि पुढे 'दॅन' आहे की 'व्हेन'.

'पासून'ने केलेला घोटाळा

'मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय.' या एका वाक्यातून दोन चुका जन्माला येतात. 'पासून'चं 'सिन्स' होतं आणि 'करतोय'चं 'ॲम वर्किंग'. तयार होतं 'आय ॲम वर्किंग हियर सिन्स टू इयर्स', आणि कानाला त्यात काहीच वावगं वाटत नाही. बरोबर रूप: 'आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर टू इयर्स'.

कसोटी सोपी. काळ दाखवणारा शब्द कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येतो का? सोमवार, २०१९, सकाळचे सात, लहानपण: हे आरंभाचे बिंदू, यांना 'सिन्स'. दोन वर्षं, तीन तास, बराच काळ: ही लांबी, तिला 'फॉर'. इथवर सगळ्यांना येतं. प्रश्न काढणारा पुढे जातो आणि 'सिन्स' बरोबर ठेवून क्रियापद बिघडवतो: 'ही इज इल / सिन्स लास्ट मंडे'. नियम अर्धाच पाठ असलेला उमेदवार 'सिन्स'च्या भागावर खूण करतो. चूक पहिल्या भागात आहे, 'इज'ऐवजी 'हॅज बीन' हवं. 'सिन्स' दिसलं की आधी मुख्य क्रियापद बघायचं, मग 'सिन्स'च्या पुढचा शब्द.

शब्दयोगी अव्ययांची, म्हणजे प्रिपोझिशनची, यादी वर्णमालेप्रमाणे पाठ करणं हा मला वाया जाणारा वेळ वाटतो. 'अ'पासून सुरू करून 'ॲबस्टेन फ्रॉम', 'अबाउंड इन' असं घोकलं की पन्नासाव्या शब्दाला पहिले दहा गळालेले असतात. त्यापेक्षा वहीत पानं करा मराठी प्रत्ययांची. एक पान 'ला'चं: 'मला सांगितलं' म्हणून 'टोल्ड टू मी' होतं, हवं 'टोल्ड मी'. 'स्टेशनला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड ॲट', हवं नुसतं 'रीच्ड'. 'कुत्र्याला घाबरतो', 'अफ्रेड ऑफ'. एक पान 'वर'चं: त्याच्यावर रागावला, 'अँग्री विथ हिम'. त्याच्यावर हल्ला केला, 'अटॅक्ड हिम', प्रिपोझिशनच नाही, पण नाम असेल तर 'ॲन अटॅक ऑन हिम'. पिकांवर परिणाम झाला, 'अफेक्टेड द क्रॉप्स', नाम असेल तर 'ॲन इफेक्ट ऑन'. एक 'शी'चं: तिच्याशी लग्न, 'मॅरिड टू'. वडिलांशी साम्य, 'रिझेम्बल्स हिज फादर', मध्ये काही नाही. एक 'विषयी' किंवा 'बद्दल'चं: विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा, तरी 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. 'डिस्क्राइब'लाही नाही. यशाबद्दल अभिनंदन, 'कंग्रॅच्युलेट ऑन'. आणि एक छोटंसं पान 'पेक्षा'चं: 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'सीनियर', 'ज्युनियर', 'प्रेफर', 'प्रेफरेबल' यांना 'दॅन' नाही, 'टू'. अशी सहा-सात पानं भरली की पुढच्या प्रश्नसंचात त्याच जागा डोळ्यांना आपोआप दिसायला लागतात, कारण चूक जिथून येते तिथेच नोंद केलेली असते.

आर्टिकल म्हणजे 'अ', 'ॲन', 'द'. मराठीत हा प्रकारच नाही, त्यामुळे चूक ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. यातल्या 'अ' की 'ॲन' या भागापुरती देवनागरी मदतीला येते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. अवर, ऑनेस्ट, एअर म्हणजे वारस, एमएलए, एक्स-रे: सगळे स्वराने सुरू, म्हणून 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, युनिट यांच्या सुरुवातीला 'य', वन-आइड मॅनच्या सुरुवातीला 'व', म्हणून 'अ'. इंग्रजी स्पेलिंग बघितलं की गोंधळ होतो, देवनागरी बघितली की होत नाही. दुसरा नियम एवढाच लक्षात ठेवा: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत उघडं फिरत नाही. त्याच्याआधी 'अ', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी' यांपैकी काहीतरी हवं. 'ही इज इंजिनिअर' यात इंजिनिअर उघडा आहे, म्हणून चूक.

एक वाक्य, बोट ठेवून

वर सांगितलेलं सगळं तीस-चाळीस सेकंदांत वापरायचं असतं, म्हणून क्रम ठरलेला हवा. क्रियापद, त्याचा कर्ता, काळ दाखवणारा शब्द, सर्वनाम, प्रिपोझिशन, आर्टिकल, शेवटी तुलना आणि वाक्यातल्या यादीतले शब्द एकाच घडणीचे आहेत का. हा क्रम प्रत्येक वाक्याला, सोपं वाटलं तरी.

'द रिपोर्ट ऑन द कंडक्ट ऑफ द गार्ड्स, / व्हिच वॉज सबमिटेड लास्ट मंथ, / हॅज नॉट यट बीन / डिस्कस्ड अबाउट बाय द कमिटी.'

कान दुसऱ्या भागावर थबकतो: गार्ड्स आणि लगेच 'वॉज'? क्रमाने जाऊ. क्रियापदं दोन, 'वॉज सबमिटेड' आणि 'हॅज बीन डिस्कस्ड'. 'ऑन'पासूनचा आणि 'ऑफ'पासूनचा तुकडा खोडला की कर्ता उरतो 'रिपोर्ट', एकवचनी, दोन्ही क्रियापदं ठीक. काळ: 'लास्ट मंथ'शी साधा भूतकाळ जुळतो, 'यट'शी 'हॅज बीन' जुळतं. सर्वनाम 'व्हिच' वस्तूसाठी, ठीक. प्रिपोझिशन: 'डिस्कस'ला 'अबाउट' नाही. चूक चौथ्या भागात. दुसरा भाग मुद्दाम पेरलेला होता.

सगळा क्रम संपला आणि काही सापडलं नाही, तर 'नो एरर' हे उत्तर निःशंक द्यावं. 'काहीतरी असेलच' म्हणून आर्टिकलमध्ये चूक उकरून काढायची, यात हातचे गुण जातात.

सरावात काय बिघडतं

पहिली गोष्ट प्रकरणवार सरावाची. पुस्तकात प्रिपोझिशनचं प्रकरण, त्याखाली पन्नास वाक्यं. चूक कशात आहे हे शीर्षकानेच सांगून टाकलंय. पन्नासपैकी पंचेचाळीस बरोबर येतात, उमेदवार खूश होतो आणि परीक्षेत तोच विषय चुकतो, कारण तिथे कुठे बघायचं हे कुणी सांगत नाही. नियम वाचल्यावर प्रकरणातली पंधरा वाक्यं पुरेत. बाकीची राखून ठेवा आणि चार-पाच प्रकरणांमधली वाक्यं मिसळून पंचवीसचा संच करा. गुण धाडकन खाली येतात. ते तुमचे खरे गुण.

दुसरी गोष्ट तपासण्याची. पंचवीस प्रश्न वीस मिनिटांत सोडवायचे आणि उत्तरपत्रिका दोन मिनिटांत जुळवून पुढचा संच घ्यायचा, हा सराव नव्हे, नुसती मोजणी. जेवढा वेळ सोडवायला लागला किमान तेवढा तपासायला द्या. चुकांच्या वहीत प्रत्येक चुकीला चार गोष्टी हव्यात: मूळ वाक्य, दिलेलं उत्तर, बरोबर उत्तर आणि 'मला ते का बरोबर वाटलं'. चौथा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो आणि खरं काम तोच करतो. त्यात तीनच कारणं लिहायची: मराठीने ओढलं, नियम माहीत नव्हता, घाईत वाचलं. मराठीने ओढलं असेल तर शेजारी ते मराठी वाक्य लिहा. शंभर चुका झाल्या की तिन्हींची बेरीज करा. घाईचा आकडा मोठा असेल तर आणखी एक व्याकरणाचं पुस्तक आणून काही होणार नाही.

रोजचा एक तास असेल तर माझ्या मते वाटणी अशी: दहा मिनिटं शब्दांची कार्डं, वीस मिनिटं मिश्र प्रश्न, वीस मिनिटं तपासणी आणि वहीतली नोंद, दहा मिनिटं इंग्रजी वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख, त्यातली क्रियापदं आणि कर्ते शोधत. अग्रलेखातल्या प्रत्येक अडलेल्या शब्दाला कोशात गाठायची गरज नाही.

शब्दसंग्रह

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली दाखवलं की विसरणं सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने होतं, पुढे त्याचा वेग मंदावतो. म्हणून एका बैठकीत तीस शब्द तीनदा वाचण्यापेक्षा दहा शब्द वेगवेगळ्या दिवशी आठवून बघणं फायद्याचं. आठवून बघणं, वाचणं नव्हे. यादीवरून नजर फिरवली की सगळे शब्द ओळखीचे वाटतात, ती ओळख परीक्षेच्या खोलीत दगा देते.

कार्डांचं वेळापत्रक: आज शिकलेला शब्द उद्या, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. आठवला तर पुढच्या टप्प्यात, नाही आठवला तर पुन्हा पहिल्या. सेबास्टियन लाइटनर यांची १९७२ ची खोक्यांची पद्धत याच तत्त्वावर चालते. आता हिशेब करा, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. पाच उजळण्या म्हणजे महिनाभरानंतर रोज नव्या शब्दांच्या पाचपट कार्डं समोर येतात. रोज दहा नवे घेतले तर पन्नास, एका कार्डाला आठ-दहा सेकंद धरले तर सात-आठ मिनिटं, आणि विसरलेल्यांची थोडी भर. उत्साहात रोज तीस घेतले तर दीडशे कार्डं. पंधरवड्यात ढीग साचतो, दोन दिवस चुकतात आणि खोकं कपाटात जातं. दहावरच थांबा.

कार्डाच्या दर्शनी बाजूला सुटा शब्द लिहू नका, रिकामी जागा असलेलं वाक्य लिहा: 'ही वॉज ____ टू साइन द पेपर्स', खाली पहिलं अक्षर 'आर'. मागे: 'रिलक्टंट', नाखूष, कचरणारा. पुढे 'टू' आणि क्रियापद. विरुद्ध 'विलिंग', 'ईगर'. घोळ होणारा शब्द 'रेटिसंट', म्हणजे बोलायला नाखूष. एवढ्या चार ओळींतून समानार्थी, विरुद्धार्थी, रिकाम्या जागा आणि चूक शोधा असे चारही प्रकार सुटतात.

मराठी अर्थ लिहिण्यात एक धोका आहे. आपल्या एका शब्दाला इंग्रजीत दोन शब्द असले की प्रश्न नेमका त्या फटीत बसवलेला असतो. 'चोरणे': वस्तू चोरली तर 'स्टील', माणसाला किंवा बँकेला लुटलं तर 'रॉब'. 'नाकारणे': आरोप नाकारला तर 'डिनाय', काम करायला नकार दिला तर 'रिफ्यूज'. 'संशय' तर फारच धोकादायक. 'आय डाउट दॅट ही स्टोल इट' म्हणजे त्याने चोरलं असेल असं मला वाटत नाही. 'आय सस्पेक्ट दॅट ही स्टोल इट' म्हणजे त्यानेच चोरलं असावं. मराठीत दोन्हीला 'संशय' लिहून ठेवला तर उत्तर बरोबर उलटं येईल. अशा शब्दांच्या कार्डावर नुसता अर्थ पुरत नाही, दोन्ही वाक्यं समोरासमोर हवीत.

धातू किंवा मूळ रूपं शिकणं उपयोगी: 'क्रेड' म्हणजे विश्वास, त्यावरून 'क्रेडिबल', 'क्रेड्युलस', 'इन्क्रेडिबल', 'डिस्क्रेडिट'. 'साइड' म्हणजे मारणं, त्यावरून 'रेजिसाइड', 'फ्रॅट्रिसाइड', 'जेनोसाइड'. पण 'इन' दिसलं की नकार, असं धरून चाललात तर 'इन्फ्लेमेबल' खड्ड्यात घालेल. त्याचा अर्थ लगेच पेट घेणारा. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे अनमोल, 'इन्फेमस' म्हणजे कुप्रसिद्ध.

वाक्प्रचारांचं काम मराठीमुळे सोपं होतं, म्हणून आधी जुळे निवडा: राईचा पर्वत करणे आणि 'मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल', आगीत तेल ओतणे आणि 'ॲड फ्युएल टू द फायर', सठीसहामासी आणि 'वन्स इन अ ब्लू मून'. जुळे नसलेल्यांसाठी प्रसंग लिहा, शब्दार्थ नको.

स्पेलिंगमध्ये मात्र देवनागरी घात करते, कारण दोनदा आलेलं अक्षर कानाला एकच वाटतं. 'ॲकॉमोडेट'मध्ये दोन सी आणि दोन एम. 'ऑकरन्स'मध्ये दोन सी, दोन आर. 'प्रिव्हिलेज'मध्ये डी नाही. 'सेपरेट'मध्ये पी नंतर ए. शेवटचं अक्षर दुप्पट करायचं की नाही हे आघातावर ठरतं: 'ऑकर', 'रेफर' यांत जोर शेवटी, म्हणून 'ऑकर्ड', 'रेफर्ड' यांत आर दोन. 'ऑफर'मध्ये जोर सुरुवातीला, म्हणून 'ऑफर्ड'मध्ये आर एकच. 'रेफरन्स'मध्येही जोर सुरुवातीकडे सरकतो आणि आर एकच राहतो.

अंदाज लावायचा का

चार पर्याय, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. सोळा प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी चार बरोबर, बारा चूक: चार वजा तीन, हातात एक गुण. तिसरा हिस्सा वजा होत असेल तर बारा प्रश्नांत तीन बरोबर, नऊ चूक, हातात शून्य. पाच पर्याय आणि पाव गुण वजा, तरी शून्यच. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर चित्र बदलतं: चार पर्यायांच्या पेपरात, पाव गुण वजा धरून, असे आठ प्रश्न सोडवले की चार बरोबर, चार चूक, हातात तीन गुण. समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांत दोन पर्याय बाद होत असतील तर सोडू नका.

हा हिशेब डोळे मिटून लावलेल्या अंदाजाचा आहे. चूक शोधण्याच्या प्रश्नात आपण डोळे मिटत नाही, कानाने निवडतो, आणि फसवा भाग त्या कानासाठीच पेरलेला असतो. म्हणून सरावाच्या वेळी प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिहा: नियम सांगता येत असेल तर 'नि', नुसतं खटकलं म्हणून निवडलं असेल तर 'का', काहीच नसेल तर 'अं'. तपासताना तिन्हींचे बरोबर-चूक वेगळे मोजा. दोनेकशे प्रश्न झाले की आपला कान कितपत भरवशाचा आहे ते आकड्यात दिसतं. पाव गुण वजा असलेल्या परीक्षेत 'का'ची पाचपैकी एकाहून जास्त उत्तरं बरोबर येत असतील तर परीक्षेत कानाचं ऐका. तिसरा हिस्सा वजा असेल तर चारपैकी एकाहून जास्त यायला हवीत. त्याखाली असेल तर असे प्रश्न कोरे सोडा, आणि वहीतली 'का'ची चुकलेली वाक्यं पुन्हा काढून त्यांच्या शेजारी मराठी लिहायला घ्या.